नेम आणि शिस्त

वयाच्या ४७व्या वर्षी मी पहिल्यांदा खरं धनुष्य हातात घेतलं. निमित्त भाचीचं. ती कॉलेजात आहे आणि ‘इंडियन राउंड’ खेळते. म्हणजे बांबूचं साधं धनुष्य, त्याला नेम धरायचं कसलंही यंत्र लावलेलं नाही, आणि लक्ष्य ५० आणि ३० मीटरवर. कोल्हापुरातला पाऊस उघडला की सकाळी तिला मैदानावर सोडायचं काम माझ्याकडं असतं. महिनाभर मी पायरीवर बसून नुसता बघत होतो. एक दिवस ती म्हणाली, “मामा, मारून बघा की.” पण धनुष्य हातात दिलं नाही. आधी म्हणाली, “दोन्ही हात पुढं करा. तळव्यांच्या मधी एवढंसं भोक ठेवा आणि दोन्ही डोळे उघडे ठेवून त्यातनं लक्ष्य बघा. आता एकेक डोळा मिटा.”

उजवा डोळा मिटला तर लक्ष्य जागेवर होतं. डावा मिटला की नाहीसं होत होतं.

“तुम्ही डावरे आहात काय?”

“नाही गं. उजव्या हातानं लिहितो की.”

म्हणालो खरा, आणि मग आठवलं. तिसरीपर्यंत मी डाव्या हातानं लिहीत होतो. आमच्या शाळेत एक मास्तर होते. डाव्या हातात पेन्सिल दिसली की त्याच हाताच्या बोटांवर लाकडी पट्टीची कड बसायची, आणि वर एक वाक्य यायचं : “शिस्त लागली पाहिजे.” दिवाळीच्या सुट्टीपर्यंत मला शिस्त लागली होती. पुढं चाळीस वर्षं मी स्वतःला उजवाच समजत आलो.

भाचीनं एका डावऱ्या मुलीकडून तिचं धनुष्य मागून आणलं. उजव्या हातात धनुष्य, डाव्या हातानं दोरी. मी एक डोळा मिटला, श्वास रोखला, तीर लक्ष्याच्या पिवळ्या मध्यावर आणला आणि सोडला. तो लक्ष्याच्या अलीकडं गवतात गेला. दुसरा पलीकडं गेला. पाचव्या तिराला ती म्हणाली, “मामा, नेम नंतर धरा. आधी हात नेमानं एका जागी आणा. मी पण सुरवातीला असंच करत होतो.”

एका वाक्यात ‘नेम’ दोनदा आला आणि दोन अर्थांनी आला. तिच्या ते ध्यानातही नव्हतं. मी मात्र घरी येऊन कोश काढला. हा लेख त्या कोशापासून सुरू होतो आणि तिरंदाजीतल्या एका अगदी लहान प्रश्नापाशी घुटमळत राहतो : दोरी ओढल्यावर हात कुठं आणायचा?

* * *

प्रश्न लहान का नाही, ते आधी सांगतो. बंदुकीच्या नळीवर पुढच्या टोकाला माशी असते आणि डोळ्याजवळ खाच. खाचेतून माशी आणि माशीतून लक्ष्य एका रेषेत आलं की नेम झाला. साध्या धनुष्याला यातलं काहीच नाही. तिथं माशी म्हणजे तिराचं टोक, आणि खाच म्हणजे तुमचा स्वतःचा चेहरा. दोरी ओढलेला हात चेहऱ्यावर ज्या ठरावीक जागी येऊन टेकतो, तिला आजचे खेळाडू ‘अँकर’ म्हणतात. कुणाचं तर्जनीचं टोक ओठाच्या कोपऱ्यात येतं, कुणाचा हात गालाच्या हाडाखाली, ऑलिंपिकवाल्यांचा हनुवटीखाली. जागा कुठली यापेक्षा ती प्रत्येक वेळी तीच असणं महत्त्वाचं. बंदुकीची खाच रोज जागा बदलू लागली तर माशीचा उपयोग काय?

हिशेब सोपा आहे. तीर साधारण ७० सेंटिमीटर लांब. त्याचं मागचं टोक, म्हणजे तुमचा हात, १ सेंटिमीटर खाली-वर झाला तर ३० मीटरवर फरक पडतो सुमारे ४३ सेंटिमीटरचा. म्हणजे जवळजवळ हातभर. गालावरचा एक सेंटिमीटर आरशात बघूनही कळत नाही. तो कातडीलाच कळावा लागतो.

दुसरा हिशेब तिराच्या पडण्याचा. तीर सेकंदाला ५० मीटर वेगानं सुटला असं धरू. हवेचा अडथळा सोडून दिला तर ५० मीटरवर पोचायला त्याला एक सेकंद लागतो, आणि त्या एका सेकंदात तो जवळजवळ ५ मीटर खाली आलेला असतो. ३० मीटरवर हाच आकडा पावणेदोन मीटर होतो. म्हणून तिराचं टोक सरळ लक्ष्यावर ठेवलं आणि तीर लक्ष्यातच बसला, असं फक्त एकाच अंतरावर होतं. अलीकडच्या लक्ष्यासाठी टोक खाली धरायचं, पलीकडच्यासाठी वर. खाली किती आणि वर किती, हे नजरेनं मोजत राहणं ही नेमाची एक रीत.

दुसरी रीत दोरीवर बोटं सरकवण्याची. लक्ष्य जवळ असेल तर तिराच्या बुडाखाली काही अंतर सोडून दोरी धरायची. बोटं गालावर त्याच जागी येतात, पण तिराचं बूड डोळ्याजवळ जातं. तिसरी रीत हातच चेहऱ्यावर वर-खाली करण्याची : जवळच्याला गालाचं हाड, लांबच्याला हनुवटी. ‘बेअरबो’ या आजच्या स्पर्धाप्रकारात दोन्ही चालतात.

चौथी रीत यातलं काहीही न करण्याची. फक्त लक्ष्य बघायचं, बाकी शरीरावर सोडायचं. जोंधळ्याच्या रानात माळ्यावर उभं राहून गोफण मारणारा माणूस अंतर मोजत नाही. त्याला विचारलं तर सांगताही येत नाही. पण दगड बरोबर तिथं जातो.

महाभारतातली द्रोणांची परीक्षा सगळ्यांना ठाऊक आहे. झाडाच्या शेंड्यावर कृत्रिम पक्षी. युधिष्ठिराला झाड दिसतं, भाऊ दिसतात, गुरू दिसतात. अर्जुनाला फक्त पक्ष्याचं डोकं दिसतं. शाळेत ही गोष्ट एकाग्रतेची म्हणून सांगतात. मैदानावर ती मला वेगळी ऐकू आली. टोक आणि लक्ष्य यांच्यातलं अंतर मोजणारा तिरंदाज युधिष्ठिरच असतो. त्याला टोकही बघावं लागतं, गवतही, मधली हवाही. अर्जुनाची रीत चौथी. पण ती परवडायला आधी हात न सांगता जागेवर यावा लागतो. द्रोणांनी परीक्षा डोळ्याची घेतली. हाताचं शिक्षण त्याआधी होऊन गेलं होतं.

* * *

नेमाची ही गोष्ट आमच्या भागात कधीकाळी कशी होती, हे शोधायला मी पहिल्यांदा दगडांकडं गेलो. कोल्हापूरच्या आसपास, करवीर तालुक्यातल्या बीडसारख्या गावांत आणि इतरही अनेक देवळांबाहेर वीरगळ आहेत. लढाईत किंवा गुरं सोडवताना मेलेल्या माणसाची आठवण म्हणून उभे केलेले हे दगड. खालच्या चौकटीत लढाई, मधल्या चौकटीत अप्सरा वीराला वर नेताहेत, वरच्या चौकटीत तो शिवलिंगापुढं बसलेला, आणि माथ्यावर चंद्रसूर्य. खालच्या चौकटीत पुष्कळदा तिरंदाज भेटतात.

एका रविवारी भाचीला घेऊन अशाच एका देवळाबाहेर गेलो. दगडाला शेंदूर, तेल आणि पाऊस तिन्ही लागलेले. मी चौकटी समजावत होतो आणि ती उकिडवी बसून फक्त हात बघत होती. “मामा, ह्याचा हात छातीशी आहे. त्या दुसऱ्याचा कानापर्यंत गेलाय.” मग थोडं थांबून, “पण बोटं झिजलीत. दोरी अंगठ्यानं धरलीय का बोटांनी, कळत नाही.”

तिनं एका दमात दोन गोष्टी सांगितल्या. दगड किती बोलतो आणि कुठं गप्प होतो. शिवाय शिल्पी हा तिरंदाज असेलच असं नाही. धनुष्य ओढलेल्या माणसाचा हात आणि दोरी चेहऱ्यावर येते, आणि वीराचा चेहरा झाकणं शिल्प्याला पसंत नसतं. त्यासाठी हात थोडा खाली घेणं त्याला सोपं. त्यामुळं छातीशी आलेला हात लढाईतला की छिन्नीतला, हे एका दगडावरून ठरवता येत नाही.

ग्रंथ जास्त बोलतात. कोल्हापूरचे शिलाहार ज्यांचे मांडलिक होते, त्या कल्याणीच्या चालुक्यांपैकी सोमेश्वर तिसरा यानं ११३०च्या सुमारास ‘मानसोल्लास’ रचला. त्याच्या बापाची, सहाव्या विक्रमादित्याची, एक राणी चंद्रलेखा ही कऱ्हाडच्या शिलाहारांची मुलगी. म्हणजे तो दरबार आम्हाला परका नव्हता. राजाच्या करमणुकींमध्ये सोमेश्वरानं शस्त्रविनोद घातला आहे. राजानं जाणत्या लोकांपुढं शस्त्रांतलं आपलं कसब दाखवायचं, त्यात धनुष्यही आलं. तेव्हा धनुष्य हे हत्यारही होतं आणि प्रतिष्ठाही.

हात कुठं आणायचा याचं थेट उत्तर मात्र ‘शार्ङ्गधरपद्धती’ या १३६३ सालच्या संग्रहातल्या धनुर्वेदाच्या प्रकरणात आहे. वसिष्ठांच्या नावावर असलेल्या धनुर्वेदसंहितेतही तोच विचार येतो. दोरी ओढून आणायच्या जागा तिथं पाच सांगितल्या आहेत आणि प्रत्येकीला नाव आहे. केसांच्या मुळाशी कैशिक, शृंगाशी सात्त्विक, कानाशी वत्सकर्ण, मानेशी भरत, खांद्याशी स्कंध. यांतली खांद्याची जागा लांबच्या आणि कठीण लक्ष्यासाठी.

हे वाचलं तेव्हा मी उठून उभाच राहिलो. चेहऱ्यावर हात वर-खाली करायची आजची तिसरी रीत ती हीच दिसत होती. हात डोळ्याच्या जवळ तर तीर जवळ, हात खाली तर तीर लांब. त्याच प्रकरणात तीर जोडायच्या तीन तऱ्हा आहेत, खालची, वरची आणि समान. तिथंही लांबच्या टप्प्यासाठी खालचीच सांगितली आहे. भूमिती तीच आहे. पण दुसरी शक्यता नाकारता येत नाही. खांद्यापर्यंत ओढलं तर दोरी जास्त मागं येते, धनुष्यात जोर जास्त साठतो आणि तीर लांब जातो, त्यात नेमाचा संबंध नाही. ग्रंथकाराच्या मनात बहुधा दोन्ही एकत्रच असावं. शिकवणाऱ्याला कारणं वेगळी काढायची गरज नसते. ‘लांबच्याला खांद्यापर्यंत ओढ’ एवढं पुरतं.

“आपल्याकडं सगळं आधीच होतं” असं म्हणायचा मोह इथं होतो. तो टाळण्यासाठी जरा इंग्लंडकडं बघू. रॉजर ॲस्कमनं १५४५ साली ‘टॉक्सोफिलस’ लिहिलं. तोही कानापर्यंत ओढ, नजर लक्ष्यावरून हलवू नकोस, असंच सांगतो. लांब लाकडी धनुष्य आणि दणकट माणूस असला की हात कानाकडं जातो, मग तो कुठल्याही मुलुखातला असो. तिथं ही रीत तीनशे वर्षं चालली. मग होरेस फोर्ड नावाच्या खेळाडूनं १८५६च्या आपल्या पुस्तकात तिला हरकत घेतली. हात कानाशी असला तर तीर डोळ्याच्या बाजूला पडतो, नजरेच्या रेषेत येत नाही. म्हणून हात पुढं, डोळ्याच्या बरोबर खाली, जबड्याशी आणा. फोर्ड १८४९ ते १८५९ अशी सलग ११ वर्षं तिथला राष्ट्रीय विजेता होता. त्यामुळं लोकांनी ऐकलं. लढाईतल्या तिरंदाजाला खोल घाव हवा होता, फोर्डला गवताच्या लक्ष्यावरचे गुण हवे होते. काम बदललं, तसा हात कानावरून हनुवटीवर आला.

आपल्या ग्रंथाची मला सगळ्यांत आवडलेली गोष्ट वेगळीच आहे. लक्ष्य ६० धनुष्यांवर असेल तर ते उत्तम, ४०वर मध्यम, २०वर कनिष्ठ. एक धनुष्य म्हणजे चार हात, तेव्हा ६० धनुष्यं म्हणजे शंभर मीटरच्या वर. आणि तिरंदाजाची प्रत ठरते ती तो सकाळ-संध्याकाळ किती तीर मारतो यावर. ४०० मारणारा ज्येष्ठ, ३०० मारणारा मध्यम, २०० मारणारा कनिष्ठ. किती लागले ते नंतर. आधी किती मारले ते. माझी भाची हेच म्हणत होती. ‘नेम’ हा शब्द ‘नियम’ वरून आला. एकादशीचा नेम, वारीचा नेम, नेमानं फिरायला जाणं, आणि नेम धरून मारणं, मराठीनं हे सगळं एकाच शब्दात बसवलं आहे. रोज त्याच जागी येणारा हात हाच या दोन अर्थांचा सांधा.

* * *

कोशात दुसरा शब्द सापडला तो ‘शिस्त’.

मला कायम वाटायचं की हा संस्कृत शब्द असणार. शास्, शिष्य, शासन, शिष्ट, मग शिस्त. पट्टीचा आवाजही त्याच्याशी जुळत होता. पण मोल्सवर्थच्या कोशात त्याच्यापुढं फारसीची खूण आहे, आणि अर्थ आहे नेम. ‘शिस्त धरणे’ म्हणजे नेम धरणे. गावाकडं अजून ऐकू येतं : “शिस्त धरून मारला बघ दगड.” व्यवस्था, वळण, आज्ञापालन हे अर्थ या नेमाच्याच अंगानं वाढले.

फारसीत मागं गेलं की आणखी एक पायरी दिसते. तिथं ‘शस्त’ म्हणजे अंगठा, आणि तिरंदाजानं अंगठ्यात घालायची कडी. तिच्यावरून नेम. तुर्क, इराणी, मंगोल तिरंदाज दोरी अंगठ्यानं ओढत. अंगठा दोरीभोवती वाकवायचा आणि त्याच्यावर तर्जनी दाबून कुलूप लावायचं. अरबी ग्रंथांत या पकडीला ६३ची पकड म्हणतात, कारण बोटांवर आकडे मोजायच्या जुन्या पद्धतीत ६३ दाखवताना हात तसाच होतो. दोरी अंगठ्याचं मांस कापू नये म्हणून शिंग, हाड किंवा दगडाची कडी घालायची. शाहजहानची १६३०-३१ सालची जेडची अशी एक कडी लंडनच्या संग्रहालयात आहे.

बहमनी आणि आदिलशाही फौजांत मराठे पिढ्यान्‌पिढ्या होते. शब्द याच वाटेनं आला असणार. ‘तीर’ आला, ‘कमान’ आली, ‘तिरंदाज’ आला, ‘शिस्त’ आली. अशा शब्दांचा ‘फार्शी-मराठी कोश’ माधवराव पटवर्धनांनी, म्हणजे कवी माधव जूलियन यांनी, १९२५मध्ये काढला. पुढं ते कोल्हापुरात राजाराम कॉलेजात शिकवायला होते. भवानी मंडपाजवळून जाताना आता मला त्यांची आठवण होते.

अंगठ्याची पकड फक्त बाहेरून आली असंही नाही. शार्ङ्गधराच्या प्रकरणात दोरी धरायच्या पाच मुठी आहेत. पताका, वज्रमुष्टी, सिंहकर्ण, मत्सरी आणि काकतुंडी. एकीत लांब केलेली तर्जनी अंगठ्याच्या मुळाशी, दुसरीत अंगठा तर्जनी आणि मधल्या बोटाच्या मध्ये, तिसरीत तर्जनीचं टोक अंगठ्याच्या मध्यावर, चौथीत अंगठ्याच्या नखाच्या मुळाशी, पाचवीत टोकाला टोक. मी पाचही करून बघितल्या. पाचांतली एकही अंगठ्यावाचून होत नाही.

आणि मग एकलव्य आठवल्याशिवाय राहत नाही.

त्याची गोष्ट आपण त्यागाची किंवा अन्यायाची म्हणून ऐकतो. महाभारत तिथं तिरंदाजीच्या तपशिलाची एक गोष्ट सांगून जातं. अंगठा दिल्यानंतरही एकलव्य बोटांनी दोरी ओढत राहिला, पण पूर्वीचा झपाटा राहिला नाही. हे अगदी नेमकं आहे. अंगठ्यानं ओढणाऱ्याचा तीर धनुष्याच्या ज्या बाजूला बसतो, तिथं तो पटकन जोडता येतो. बोटांनी ओढणाऱ्याला तो बहुधा दुसऱ्या बाजूनं आणावा लागतो. बोटांनी नेम साधतो, वेग जातो. द्रोणांनी त्याचा डोळा मागितला नाही, धनुष्य मागितलं नाही. त्यांना ठाऊक होतं की हे कसब कुठल्या अवयवात राहतं. भिल्ल तिरंदाज आजही अंगठा न लावता बोटांनी दोरी ओढतात आणि त्याचं नातं एकलव्याशी सांगितलं जातं.

आता ‘शस्त’चा मूळ अर्थ पुन्हा बघा. अंगठा. ज्यानं गुरूशिवाय, मातीच्या पुतळ्यापुढं, रोज नेमानं उभं राहून स्वतःची शिस्त घडवली, त्याची शिस्तच गुरुदक्षिणा म्हणून काढून घेतली गेली. हा श्लेष व्यासांचा नाही. दोन भाषांच्या गाठीत तो आपोआप पडला आहे. पण एकदा दिसला की पुसला जात नाही. शिस्त आपली असते तेव्हा तिचा अर्थ नेम होतो. दुसऱ्यानं लावली की ती बऱ्याचदा अंगठा मागते.

त्याच महाभारतात अर्जुनाचं एक नाव सव्यसाची आहे. विराटपर्वात तो स्वतःच त्याचा अर्थ सांगतो, की माझे दोन्ही हात गांडीव ओढू शकतात. डाव्या हातानं ओढता येणं तिथं बिरुद आहे. तिसरीच्या वर्गात ते कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

* * *

मग आमच्याकडून धनुष्य गेलं कुठं? कोल्हापूरच्या तालमींत मर्दानी खेळ अजून जिवंत आहेत. लाठी, दांडपट्टा, फरीगदगा, भाला, विटा. दसऱ्याला, शिवजयंतीला रस्त्यात पट्टे फिरतात. तिरकमठा मात्र त्यात दिसत नाही. सभासदाच्या बखरीत शिवाजी महाराजांच्या पायदळात बंदुकी आणि इटेकऱ्यांबरोबर तिरंदाजही आहेत. इटेकऱ्यांचा विटा आमच्या तालमीत टिकला, तिरंदाजाची कमान टिकली नाही.

तिच्या जाण्याची एक खूण भाषेतच आहे. १७१५च्या सुमारास रामचंद्रपंत अमात्यांनी ‘आज्ञापत्र’ लिहिलं, कोल्हापूरच्या गादीच्या सुरुवातीच्या काळात. त्यांची समाधी पन्हाळ्यावर आहे. किल्ल्याच्या दारूखान्याबद्दल ते बारकाईनं सांगतात, की दर आठ-पंधरा दिवसांनी दारू, बाण, होके बाहेर काढून त्यांना ऊन द्यावं. वेळूच्या तिरांना दारूबरोबर ऊन कशाला? कारण इथला बाण म्हणजे पेटवून सोडायचा दारूचा अग्निबाण. मराठी कागदांत ‘बाण’ म्हटलं की आता तोच कळत होता. वस्तू मागं पडली आणि तिचं नाव नव्या हत्यारानं घेतलं.

कारणं समजायला कठीण नाहीत. बंदुकीचा माणूस काही महिन्यांत तयार होतो, तिरंदाज घडायला वर्षं लागतात. शिंग आणि स्नायू सरसानं चिकटवलेली भारी कमान दमट हवेत सैल पडते, आणि पन्हाळ्याच्या पावसाला वर्षातले चार महिने लागतात. शिवाय पट्टा दोन पोरांना अंगणात खेळता येतो, तिराला शंभर मीटर मोकळी जागा लागते. आणि अँकर कुणाला बघून शिकता येत नाही. पट्ट्याचा हात लांबून दिसतो. गालावर टेकलेलं बोट शेजारी उभं राहून कुणीतरी दाखवावं लागतं. तशी दाखवणाऱ्यांची साखळी तुटली. हातातून कसब गेलं आणि तोंडात शब्द उरले. काय तीर मारलास, नेम चुकला, ठाण मांडून बसला, शिस्तीत राहा. ‘ठाण’ हे ‘स्थान’, आणि धनुर्वेदात तिरंदाजाच्या उभं राहण्याच्या आलीढ, प्रत्यालीढ वगैरे तऱ्हांना स्थानच म्हणतात.

माझी भाची खेळते तो खेळ या परंपरेतून आलेला नाही. भारतीय तिरंदाजी संघटना १९७३ची, नियम जगाचे, अँकरची रीत फोर्डच्या वळणाची. शेजारच्या साताऱ्याच्या अदिती स्वामीनं २०२३मध्ये बर्लिनला १७व्या वर्षी जगज्जेतेपद मिळवलं ते कंपाउंड धनुष्यावर, ज्याला भिंगही असतं आणि चाकंही. वीरगळावरचा माणूस आणि या मुली यांच्यामध्ये सरळ रेघ ओढायची मला हौस नाही. मध्ये तीनशे वर्षांची फट आहे. पण त्या माणसापुढं जो प्रश्न होता, तो यांच्यापुढंही रोज सकाळी असतो, आणि भिंग लावूनही तो सुटत नाही. हात कुठं आणायचा?

माझ्यापुरतं उत्तर असं. डाव्या हाताची तर्जनी, ओठाचा डावा कोपरा, वरचा सुळा ओठाआडून बोटाला लागला पाहिजे. सुळा लागला की सोडायचं. नाही लागला तर दोरी हळू परत आणायची, सोडायचं नाही. सुरुवातीला दहातले तीन वेळा लागायचा. आता सात वेळा लागतो. सकाळी साठ तीर होतात. धनुर्वेदाच्या हिशेबानं मी अजून कनिष्ठातही बसत नाही.

परवा दसऱ्याला सोनं द्यायला बहिणीकडं गेलो तर भाचीनं आपट्याच्या पानांबरोबर एक चामड्याचा तुकडा हातावर ठेवला. बोटं कापू नयेत म्हणून घालायचा पट्टा, तिनं स्वतः शिवलेला. मी उजव्या हातात घालून बघितला, बसेना.

“मामा, तो डाव्याचा आहे,” ती म्हणाली.